मोफत सेवेचा खर्च जाहिरातींतून काढताय? या चुका टाळा

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ‘आज आपली पाळी आहे का’ हा सोलापुरात घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. डिसेंबर-जानेवारीत बाजार समितीत कांद्याची आवक वाढते, तेव्हा मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याला गाडी भरायच्या आधी भाव कळायला हवा असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं सराव चाचण्या शोधत असतात. अशी एखादी गरज ओळखून दोन-चार तरुण वेबसाइट किंवा अ‍ॅप उभं करतात आणि लोकांकडून एक पैसाही घेत नाहीत. पुढे सर्व्हर, डोमेन, मेसेज पाठवण्याचा खर्च अंगावर येतो आणि जाहिरातींचा विचार सुरू होतो. विचार योग्यच आहे. पण चांगल्या चाललेल्या सेवा बंद पडतात त्या याच टप्प्यावर, आणि बहुतेक वेळा टाळता येण्याजोग्या चुकांमुळे.

‘जाहिरातीवर एक क्लिक करा, आम्हाला मदत होईल’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हेतू चांगला असतो, म्हणून ती चूक वाटतही नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप जातो, मित्र-नातेवाईक रोज आठवणीनं क्लिक करतात. गूगल अ‍ॅडसेन्स ही वेबसाइटवर जाहिराती लावून मालकाला पैसे देणारी गूगलची सेवा. तिच्या नियमांत स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणं आणि इतरांना तसं करायला सांगणं, दोन्ही सरळ मना आहे. एकाच वायफायवरून, त्याच त्या फोनवरून येणारे क्लिक यंत्रणेला ओळखू येतात. आधी कमाईतून कपात होते, मग खातं बंद होतं आणि साठलेली रक्कम शक्य तिथे जाहिरातदारांना परत केली जाते. एकदा खातं बंद झालेल्या माणसाला नवं खातं सहसा मिळत नाही.

नियम बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या क्लिकचे पैसे कोण देतं? कदाचित नव्या पेठेतला एखादा कापडदुकानदार. त्याला गिऱ्हाईक हवं होतं. तुमच्या मावसभावानं काही घ्यायचं नसताना क्लिक केलं, तर त्या दुकानदाराचा पैसा वाया गेला. मदत तुम्ही मागितली आणि भुर्दंड त्याला बसला. ही गोष्ट मला नियमभंगापेक्षा जास्त गंभीर वाटते.

क्लिकवर चालणारी मदत प्रामाणिकपणे करता येते, हे १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘द हंगर साइट’नं दाखवलं होतं. तिथे माणूस दिवसातून एकदा बटण दाबायचा, मग प्रायोजकांच्या जाहिराती दिसायच्या आणि अन्नदानाचे पैसे ते प्रायोजक द्यायचे. आपण कशाचे पैसे देतोय, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. फरक तेवढाच, आणि तोच महत्त्वाचा.

शिवाय आता क्लिकमागे धावून फायदाही उरलेला नाही. अ‍ॅडसेन्सनं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर करून २०२४ च्या सुरुवातीपासून पैसे मुख्यतः जाहिरात दिसण्यावर द्यायला सुरुवात केली. गूगलमार्फतच आलेल्या जाहिरातीच्या खर्चातले साधारण ६८ टक्के प्रकाशकाला, म्हणजे साइट चालवणाऱ्याला मिळतात. म्हणजे लोक पुन्हा पुन्हा येत राहतील अशी सेवा ठेवणं हाच कमाईचा मार्ग.

बोट घसरेल अशी जागा

‘आजचा भाव पाहा’ या बटणाला खेटून जाहिरात लावली की चुकून क्लिक पडतात. त्याहून वाईट म्हणजे उशिरा उघडणारी जाहिरात. माणूस बटण दाबायला जातो, तेवढ्यात वरून जाहिरात उतरते, बटण खाली सरकतं आणि बोट जाहिरातीवर पडतं. उपाय सोपा आहे. जाहिरातीची उंची आधीच राखून ठेवा आणि बटणांपासून ती लांब लावा. तिच्यावर ‘जाहिरात’ एवढंच लिहा. ‘उपयुक्त माहिती’ वगैरे मथळे देऊ नका. मोबाइलवर मजकुराच्या उंचीत जाहिरातींचा वाटा ३० टक्क्यांच्या वर गेला, तर तो ‘बेटर अ‍ॅड्स’च्या, म्हणजे त्रासदायक जाहिराती टाळण्यासाठी ठरवलेल्या मानकांचा भंग ठरतो. जुलै २०१९ पासून क्रोम ब्राउझर जगभर ही मानकं लावतो आणि वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती रोखू शकतो.

स्थानिक प्रायोजकाशी क्लिकवर सौदा

इथे जरा थांबून विचार करा, कारण गावातल्या सेवेचं खरं बळ स्थानिक प्रायोजकात असतं. शेंगा चटणीचे उत्पादक, चादर-टॉवेलची दालनं, सात रस्त्याजवळचे क्लासेस, पाण्याच्या टाक्या धुऊन देणारे, अशा सगळ्यांना सोलापूरचंच गिऱ्हाईक हवं असतं. पण पहिल्याच भेटीत ‘प्रत्येक क्लिकमागे इतके रुपये’ असं ठरतं आणि महिनाअखेरीला वाद होतो. तुमच्या नोंदीत ४०० क्लिक, प्रायोजकाच्या वेबसाइटवर २५० भेटी, आणि दुकानात आलेला माणूस त्याला एकही आठवत नाही.

आकडे का जुळत नाहीत? लिंक व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर पाठवली की तिची छोटी झलक तयार करायला ते अ‍ॅप स्वतःच ती लिंक उघडतं. मोजणी करणारी लिंक असेल, तर कुणी बोटही न लावता एक क्लिक नोंदला जाऊ शकतो. सर्च इंजिनांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम येतात, त्यांचीही भर पडते. नेट मंद असलं की माणूस एकाच जागी तीनदा दाबतो. उलट बाजूला, प्रायोजकाचं पान पूर्ण उघडायच्या आधीच मागे फिरणारा माणूस तुमच्याकडे मोजला जातो, पण त्याच्याकडे नाही.

म्हणून मोजणी लिंकवर न ठेवता पानावरच्या प्रत्यक्ष स्पर्शावर ठेवा, बॉट वगळा, एका माणसाचा दिवसाला एकच क्लिक धरा. प्रायोजकाला ही पद्धत पैसे घेण्याआधी सांगा आणि कागदावर लिहून द्या. तरीही माझं स्पष्ट मत असं, की गावपातळीवर क्लिकचा सौदा करूच नये. समजा, महिन्यात २०,००० वेळा जाहिरात दिसली आणि शेकड्याला अर्धा क्लिक पडला, तर क्लिक होतात १००. एवढ्या आकड्यावर सर्व्हरचा खर्च निघेल असा दर लावला तर तो प्रायोजकाला पटणार नाही. महिन्याची किंवा हंगामाची ठरावीक रक्कम घ्या. फळ मोजायचंच असेल तर जाहिरातीत वेगळा फोन नंबर द्या, किंवा दुकानात सांगायचा एखादा सवलतीचा शब्द ठेवा. दुकानदाराला आलेले फोन आणि आलेली माणसं कळतात. त्याच भाषेत हिशेब द्या.

प्रायोजक कोण, हेही लोक पाहतात

कांद्याचे भाव दाखवणाऱ्या सेवेचा एकमेव प्रायोजक एखादा अडत्या असेल, तर शेतकरी भावावरच शंका घेणार. पाण्याची पाळी सांगणाऱ्या पानावर ‘आज पाणी येणार नाही’च्या खालीच टँकरवाल्याचा नंबर असेल, तर बातमी खरी असूनही लोकांच्या मनात पाल चुकचुकणार. माहिती बाजार समितीकडून किंवा महापालिकेकडून घेतली असेल तर तो स्रोत प्रत्येक आकड्याजवळ लिहा, आणि असा प्रायोजक घ्यायचाच झाला तर त्याच्यासोबत दुसऱ्या धंद्यातले दोन-तीन ठेवा. प्रायोजकाच्या लिंकला कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावा, म्हणजे ती पैसे घेऊन दिलेली लिंक आहे हे सर्च इंजिनला कळतं. गूगलनं ती सप्टेंबर २०१९ मध्ये आणली. पैसे घेऊन लिहिलेला मजकूर माहितीत मिसळू नका.

पैशांवर खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिराती २०२५ च्या कायद्यानं बंद आहेत, त्यामुळे कुणी थेट जास्त पैसे देऊ केले तरी नाही म्हणा. झटपट कर्जाच्या अ‍ॅपलाही मी जागा देणार नाही. भरतीची तयारी करणारं अठरा-वीस वर्षांचं पोर तुमच्या भरवशावर तिथे आलेलं असतं. अ‍ॅडसेन्समध्ये संवेदनशील प्रकारच्या जाहिराती रोखण्याची सोय आहे; ती पहिल्याच दिवशी वापरा.

जाहिरात दिसत नाही, पैसे येत नाहीत

अ‍ॅडसेन्सची मंजुरीच मिळत नसेल तर पानावर नुसते आकड्यांचे तक्ते आहेत का, ते पाहा. ‘कमी मूल्याचा मजकूर’ हा शेरा अशा साइटना हमखास मिळतो. आवक का वाढली, प्रतवारी कशी ठरते, पाळी कशामुळे पुढे गेली, असं रोज थोडं मराठीत स्वतः लिहा. मंजुरीनंतरही जाहिराती कमी येत असतील तर ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’ (ads.txt) ही तुमच्या साइटवर जाहिराती विकायची परवानगी कुणाला आहे ते सांगणारी फाइल मुख्य डोमेनवर आहे का आणि त्यात तुमचाच प्रकाशक क्रमांक आहे का, ते तपासा.

कमाई १० डॉलरवर गेली की पत्त्याची खातरजमा करण्यासाठी पिन पोस्टानं येतो. पेठेचं नाव, घर क्रमांक, जवळची खूण आणि पिनकोड नीट लिहिला नसेल तर पत्र फिरत राहतं, आणि चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे १०० डॉलर झाल्यावरच निघतात, साधारण महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान. खात्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच ठेवा.

राहिला हंगामाचा प्रश्न. जाहिरातदार दिवाळीच्या आसपास हात सैल सोडतात आणि जानेवारीत आखडतात. आपल्याकडे मात्र कांद्याची आवक आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नेमकी जानेवारीत असते, तर पाण्याची चौकशी एप्रिल-मेच्या उन्हात सगळ्यात जास्त. म्हणजे गर्दी सर्वांत मोठी असते, तेव्हा जाहिरातीचा दर पडलेला असू शकतो. म्हणून स्थानिक प्रायोजकांकडे दसऱ्याच्या आधीच जा आणि बोलणी करताना जून अखेरपर्यंतचा करार मागा.