सिनेमाचं अ‍ॅनालिसिस शिकताय? थीम शेवटी लिहा

फिल्म स्टडीजला नवीन आलेल्या मुलांचं लिखाण अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतं आणि त्यातलं बहुतेक "या चित्रपटाची थीम जातिव्यवस्था आहे" असल्याच वाक्याने सुरू होतं. बरं, मग पुढे? तेवढं तर ट्रेलर बघूनही कळतं. माझं म्हणणं एवढंच की थीम सगळ्यात शेवटी, आधी पडद्यावर नेमकं काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते लिहून काढा, पोलिस पंचनामा करतात तसं, विशेषणं न लावता. कंटाळवाणं वाटतं, मान्य, पण सगळं सापडतं ते इथेच.

'फँड्री' (2013) घ्या. पकडलेलं डुक्कर काठीला बांधून जब्या हा शाळकरी दलित मुलगा आणि त्याच्या घरचे नेतायत, मागे शाळेची भिंत, त्यावर आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं. कुणी भाषण देत नाही, डुक्कर आणि ती चित्रं एकाच फ्रेममध्ये येतात, बस्स. आणि शेवट बघा, चिडवणाऱ्यावर जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. आता प्रश्न विचारायचा की त्या क्षणी कॅमेरा कुणाच्या जागी उभा आहे? चिडवणाऱ्याच्या. आणि आपण कुठून बघतोय? तिथूनच. म्हणजे इतका वेळ हळहळत बसलेल्या प्रेक्षकालाच तो दगड लागतो. हे "जातिव्यवस्था" या एका शब्दात कुठे मावतं सांगा.

सीन निवडला की एकदा नेहमीसारखा बघा, मग म्यूट करून, मग स्क्रीन झाकून नुसता ऐका. म्यूटवर कोण कुणाकडे बघतं आणि कोण नजर टाळतं ते दिसायला लागतं.

कॅरॅक्टरच्या बाबतीत लोक स्वभावाची यादी देतात, प्रेमळ, रागीट, स्वाभिमानी वगैरे. यादी नको, निर्णय बघा. 'ब्रेकिंग बॅड' या सिरीजमधला वॉल्टर व्हाइट, कॅन्सर झाल्यावर ड्रग्ज बनवायला लागलेला केमिस्ट्रीचा शिक्षक, सतत म्हणतो की मी हे कुटुंबासाठी करतोय, पण पहिल्याच सीझनमध्ये जुना पार्टनर उपचाराचा खर्च उचलायला तयार होतो आणि हा नाही म्हणतो. पैशाचा प्रश्न तिथे सुटत होता की! मग उरतो तो अहंकार, आणि बायकोसमोर ते कबूल करायला त्याला 62 भागांतला शेवटचा भाग उजाडतो. तोंडाने काय बोलतो आणि करतो काय, यातली फट पकडली की कॅरॅक्टर हाती लागलं समजा.

स्टोरीटेलिंग म्हणजे काय झालं ते नाही, कुणाला काय कधी कळलं ते. दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण शिकताना ऐकालच: बॉम्ब अचानक फुटला तर काही सेकंदांचा धक्का, पण तो आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील तर त्याच गप्पा असह्य होतात. कुरोसावाचा 'राशोमोन' (1950) तर एकच घटना वेगवेगळ्या तोंडून सांगतो आणि खरं कोण ते ठरवूनच देत नाही.

सिरीजवर लिहिताना एक भानगड होते, सिनेमाच्या सवयीने सगळं श्रेय दिग्दर्शकाला दिलं जातं. तिथे बऱ्याचदा भागागणिक दिग्दर्शक बदलतो, धागा शोरनर (म्हणजे सगळी सिरीज सांभाळणारा मुख्य माणूस) आणि लेखकांच्या टीमकडे असतो. त्यामुळे भाग कुठे तोडलाय ते बघा, पुढचा भाग लावायला भाग पाडणारा प्रश्न नेमका कुठला आहे. सगळे सीझन पुन्हा बघायला वेळ कुणाला असतो, निदान पहिला आणि शेवटचा भाग लागोपाठ बघा, बदललेलं सगळं उघडं पडतं.

आणि हो, थीम लिहायची वेळ आली की एका शब्दात नको, सिनेमा ज्या प्रश्नात अडकलाय तो प्रश्न लिहा. "कुटुंब" असं नाही, "कुटुंबाच्या नावाखाली माणूस स्वतःशी किती खोटं बोलू शकतो?" असं.

पुढे याचा नोकरीत उपयोग होतो का, असं हमखास विचारलं जातं. होतो. स्क्रिप्ट रीडरचं काम मिळालं तर स्क्रिप्ट वाचून थोडक्यात कथासार, मग कॅरॅक्टर आणि रचनेवर मत आणि शेवटी घ्यावी की सोडावी एवढं लिहून द्यायचं असतं, आणि तिथे "मजा नाही आली" चालत नाही, कुठल्या पानावर आणि का नाही आली ते सांगावं लागतं.