जुन्या स्टुडंट जॉबवर एक दिवस परत जायचंय? मग हे वाचा
कॉलेजात असताना लायब्ररीत काम करत होतात आणि आता तिथूनच कोणी म्हणालं की एक दिवस येऊन जरा मदत कर, तर आधी ऑफिसचं काम उरकूनच जा, काउंटरवर उभं राहून मेल बघणं जमत नाही, मी बघितलंय करून. पोचल्यावर शहाणपणा नको, सिस्टीम बदललेली असते, शिफ्टवरच्या पोरांनाच विचारा. पुस्तकं लावताना हात आपोआप चालतात, फक्त ड्युईच्या नंबरात (विषयानुसार पुस्तकं लावायला पुस्तकावर घातलेला नंबर) ५१०.१२ हे ५१०.९ च्या आधी येतं, पॉइंटनंतरचा एकेक आकडा बघायचा, गर्दीत इथेच घोळ होतो आणि चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलंच समजा. आणि हो, शूज आरामाचे घाला, पाय आता विशीतले नाहीत!