खळ्यात दाखवा ऑपेरावाला फौजी: १९५२ चा पिक्चर वाडीत कसा लावायचा

आमच्याकडे मालवणजवळ वाडीत डिसेंबरात, भातकापणी उरकल्यावर, आम्ही खळ्यात 'बिकॉज यू आर माईन' हा जुना हॉलिवूडचा पिक्चर लावला. त्यानंतर दोघातिघांनी विचारलं कसं केलंस म्हणून सगळं एकदाच लिहितोय.

आधी स्टोरी, कारण ती जमलेल्या लोकांना तुम्हालाच सांगायची आहे. ऑपेराचा, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाचा, मोठा स्टार असतो, त्याला सक्तीने आर्मीत भरती व्हावं लागतं, तिथला सार्जंट निघतो त्याच्या गाण्याचा भक्त, आणि सार्जंटच्या बहिणीलाही गायिका व्हायचंय, मग प्रेमबिम, गैरसमज, बस्स. स्टोरी एवढीशीच, पण त्या स्टारचं काम करणाऱ्या मारिओ लान्झाचा आवाज! हा माणूस फिलाडेल्फियातल्या इटालियन घरातला, दुसऱ्या महायुद्धात स्वतः सैन्यात होता, आणि १९५९ ला रोममध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी गेला. म्हणून माझं म्हणणं, हा पिक्चर संगीत नाटकासारखा बघायचा, पदांसाठी.

पडद्याचं बघू. पांढरी चादर चालते पण रात्री मतलई सुटली की ती शिडासारखी फुगते आणि लान्झाचं तोंड वाकडं होतं. खालच्या शिवणीत बांबू ओवा, बाजू दोरीने ताणून घ्या, नाहीतर सरळ चुना मारलेली भिंत वापरा, मला तर भिंतच आवडते. प्रोजेक्टर ४:३ वर ठेवा, कारण त्या काळचं चित्र जवळपास चौकोनीच असायचं, रुंद पसरवलंत तर सगळे फौजी बुटके आणि जाडे दिसतात.

आता आवाज, इथे मात्र वेळ घालवा. बहुतेक ठिकाणी भजनी मंडळाचाच अँप्लिफायर मिळतो आणि त्याचा इको कायम वर फिरवलेला असतो, कारण भजनाला तो बरा वाटतो. तो पूर्ण शून्यावर आणा! आम्ही पहिल्यांदा विसरलो आणि लान्झाची प्रत्येक वरची तान विहिरीतून आल्यासारखी घुमली, मधेच थांबवून बटण फिरवलं तेव्हा कुठे आवाज मोकळा झाला. बेसही कमी करा. रेकॉर्डिंग मोनो आहे त्यामुळे दोन बाजूंना दोन बॉक्स लावायची गरज नाही, एकच चांगला बॉक्स पडद्याच्या मधोमध खाली ठेवा म्हणजे माणूस गातोय तिथूनच ऐकू येतं.

सबटायटल्सवर विसंबू नका, आजीआजोबांना ती वाचता येत नाहीत आणि गाण्यात तर लक्षच उडतं. त्याऐवजी गाण्याच्या आधी पॉज करून दोन वाक्यं मालवणीत सांगा. यात 'काव्हालेरिया रुस्टिकाना' ह्या ऑपेरातला एक प्रसंग आहे, मुलगा द्वंद्वाला निघालाय, आईला खरं सांगत नाही, म्हणतो वाईन जरा कडक होती, बाहेर वाऱ्यावर जाऊन येतो, आणि जाता जाता तिचा आशीर्वाद मागतो. एवढं सांगून प्ले केलं तर एकही शब्द न कळता आमच्या शेजारच्या आतेने पदर डोळ्याला लावला. 'ग्रानाडा' ह्या गाण्याला काही सांगू नका, ते नुसतं सोडा. 'लॉर्ड्स प्रेयर' येईल तेव्हा वाडीत ख्रिश्चन घरं असतील तर त्यांना पुढे बसवा, प्रार्थना त्यांच्या रोजच्या ओळखीची असते.

रिमोट स्वतःकडेच ठेवा कारण वन्समोर येणारच. नाटकाची सवय असलेली माणसं ती, आणि वन्समोर द्यायचाच, कथा कुठे पळून जात नाही. आमच्या आबांनी तर 'ह्येका माईक कशाक होयो?' म्हणून विचारलं, मग मी सांगितलं ऑपेरावाले खरंच माईकशिवाय अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं गातात, तेव्हा ते जुन्या नाटकातल्या नटांबद्दल बोलायला लागले, लाऊडस्पीकर येण्याआधीचे नट, आणि आम्ही वीस मिनिटं पिक्चर थांबवून ते ऐकलं.

दंव पडतं, म्हणून प्रोजेक्टरवर छत्री धरा किंवा तो पडवीत ठेवा. लाईट जातेच, इन्व्हर्टर चार्ज असू दे. आणि पेटी आधीच बाहेर काढून ठेवा, पिक्चर संपल्यावर कोणी ना कोणी गायला बसतंच.