अल्झायमरच्या प्रथिनांवर ग्रँट मागताय? या चुका टाळा

अल्झायमरवरच्या प्रपोजलचं पहिलं पान डोळे मिटून सांगता येतं. भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास माणसं, आयुर्मान वाढतंय, रोग मुळासकट घालवणारं औषध नाही, सबब आम्हाला तीन वर्षांसाठी निधी द्यावा. आकडे बरोबर आहेत. पण समितीतल्या माणसाने ते त्याच दिवशी इतर प्रपोजलमध्येही वाचलेले असतात. तो शोधत असतो ते वेगळंच: कोणत्या प्रथिनाचं कोणतं रूप तुम्ही मोजणार, कशात मोजणार, आणि मोजून झाल्यावर कोणता प्रश्न सुटणार.

आपल्याकडे या विषयाला माणसं आहेत. आयआयटी मुंबईत प्रथिनांच्या गुठळ्यांवर काम चालतं, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत टाऊवर, म्हणजे अल्झायमरमध्ये पेशींच्या आत गुंते करणाऱ्या प्रथिनावर, बरंच काम झालंय. नव्याने फॅकल्टी झालेले आणि पीएचडी संपवून स्वतःची लॅब मांडू पाहणारे, अशा दोघांचीही प्रपोजल माझ्याकडे वाचायला येतात. माझं मत असं की ती कल्पना वाईट म्हणून क्वचितच पडतात. ज्या साहित्यावर काम करायचं त्याचे स्वभाव माहीत नसताना लिहिलेली असतात, म्हणून पडतात.

नुसतं ‘अमायलॉइड’ लिहून पुढे जाणं

‘आमचं संयुग अमायलॉइड कमी करेल.’ कोणतं अमायलॉइड? एपीपी या मोठ्या प्रथिनाला दोन ठिकाणी कात्री लागली की अमायलॉइड-बीटा सुटतं. त्यातलं 40 अमिनो आम्लांचं वेगळं वागतं, 42 चं जास्त चिकट असतं. ते आधी एकेकटे रेणू म्हणून असतं, मग छोटे घोळके होतात, त्यांचे प्रोटोफायब्रिल, मग तंतू, आणि शेवटी पेशींबाहेर साचलेले प्लाक. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे अब्जावधी डॉलर खर्च झाले, त्यातून निदान एवढं तरी कळलं की या रूपांमध्ये फरक करावा लागतो. सोलानेझुमॅब एकेकट्या रेणूंना पकडायचं. मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. लेकॅनेमॅब प्रोटोफायब्रिलना पकडतं. 18 महिन्यांच्या चाचणीत त्याने रुग्णांच्या घसरणीचा वेग 27 टक्क्यांनी कमी केला. डोनानेमॅब प्लाकमध्येच सापडणाऱ्या एका बदललेल्या रूपावर बसतं. आणि बीटा-सिक्रेटेज ही कात्रीच अडवणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅटसारख्या गोळ्यांनी अमायलॉइड खरोखर कमी केलं, पण रुग्णांची बुद्धी सुधारली नाही, उलट काही चाचण्यांत गुण खाली गेले. हे सगळं माहीत असलेल्या परीक्षकापुढे ‘अमायलॉइड कमी करू’ एवढंच वाक्य ठेवणं म्हणजे स्वतःहून गुण सोडणं.

रूप ठरवलं तरी परीक्षानळीत ते टिकवणं हे वेगळं काम आहे. विकत आणलेलं अमायलॉइड-बीटा 42 कुपीतच थोडंफार गोळा झालेलं असतं. ते एचएफआयपी या तीव्र द्रावकात विरघळवून आधीच्या गुठळ्या मोडल्या नाहीत, तर गुठळ्या व्हायला लागणारा वेळ प्रत्येक वेळी वेगळा येतो. त्यात दर लॉटचा स्वभाव निराळा. ‘आमचे निकाल पुन्हा येत नाहीत’ म्हणून कपाळाला हात लावून बसलेल्या विद्यार्थ्याला मी आधी लॉट नंबर विचारतो. प्रपोजलमध्ये दोनच ओळी लिहा: एका प्रयोगमालिकेसाठी एकच लॉट, आणि प्रत्येक लॉटची आधी चाचणी. या दोन ओळींवरून कळतं की तुम्ही हे काम हाताने केलंय.

आता हळद. आपल्याकडच्या प्रपोजलमध्ये तिच्यातलं करक्युमिन येणारच, त्याला इलाज नाही. गुठळ्या मोजायला बहुतेक जण थायोफ्लेविन टी हा गुठळीला चिकटून चमकणारा रंग वापरतात: 440 ते 450 नॅनोमीटरचा प्रकाश द्यायचा, 482 च्या आसपासची चमक मोजायची. करक्युमिन स्वतःच 425-430 च्या जवळपास प्रकाश शोषतं. म्हणजे चमक कमी दिसली ती गुठळी झाली नाही म्हणून की मध्ये पिवळा पडदा आला म्हणून, हे त्या एका मापावरून सांगता येत नाही. शिवाय करक्युमिन कितीतरी वेगवेगळ्या चाचण्यांत ‘गुणकारी’ दिसतं, हा औषध-रसायनवाल्यांचा त्याच्यावरचा जुना राग आहे आणि तो रास्त आहे. अश्वगंधा, ब्राह्मी, कोणताही रंगीत अर्क असो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा गाळ वेगळा करून मोजणं अशी दुसरी स्वतंत्र पद्धत जोडा. नसेल तर ते ऑब्जेक्टिव्ह काढून टाका.

हेपरिनचा टाऊ आणि रुग्णाचा टाऊ

टाऊवाल्यांची अडचण अजून बारीक आहे. शुद्ध टाऊ आपणहून सहजासहजी गोळा होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्यात हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घालून तंतू बनवले गेले. 2017 मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेने अल्झायमर रुग्णाच्या मेंदूतल्या टाऊ-तंतूंची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली, आणि 2019 मध्ये हेही स्पष्ट झालं की हेपरिनने बनलेले तंतू त्या घडीचे नसतात. म्हणजे हेपरिनच्या तंतूला अडवणारं संयुग रुग्णाच्या तंतूला अडवेलच असं नाही. पुढे 2022 मध्ये टाऊचा 297 ते 391 हा तुकडा घेऊन, हेपरिनशिवाय, रुग्णासारखे तंतू परीक्षानळीत बनवण्याची रीतही आली. तरीही हेपरिन वापरायचं असेल तर वापरा, प्राथमिक चाळणीला ते स्वस्त पडतं. फक्त मर्यादा स्वतः लिहा, आणि दुसऱ्या टप्प्यात काय वापरणार तेही लिहा. ती मर्यादा परीक्षकाने काढून दाखवली की प्रपोजल हातातून गेलं.

उंदीर

इथे पैसा सगळ्यात जास्त वाया जातो, म्हणून जरा थांबतो.

5एक्सएफएडी उंदरात माणसातली पाच उत्परिवर्तनं एकत्र घातलेली आहेत, आणि दुसऱ्या महिन्यापासूनच त्याच्या मेंदूत प्लाक दिसू लागतात. प्रयोग लवकर उरकतो, म्हणून तो लाडका. पण त्यात टाऊचे गुंते होत नाहीत. ज्या आनुवंशिक प्रकारावर तो बेतलाय, तो अल्झायमरच्या एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी. गुंते हवेत म्हणून पी301एल किंवा पी301एस टाऊचा उंदीर घेतला, तर ती उत्परिवर्तनं अल्झायमरची नाहीतच, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची आहेत. साध्या उंदरावर टाऊ बघायचा म्हटलं तर प्रौढ उंदराच्या मेंदूत जवळजवळ फक्त चार-आवर्ती (एक तुकडा चार वेळा आलेला) टाऊ असतो. माणसात तीनवाले आणि चारवाले मिळून सहा प्रकार. यातला कोणताही उंदीर चुकीचा नाही. ‘अल्झायमरचा उंदीर’ असं मोघम लिहिणं चूक आहे. ‘प्लाकभोवतीच्या मायक्रोग्लियाचं (मेंदूतल्या संरक्षक पेशींचं) वर्तन पाहायचंय, म्हणून 5एक्सएफएडी’ असं लिहिलं की प्रश्न उरत नाही. नर आणि मादी दोन्ही घ्या. या उंदरांत माद्यांमध्ये प्लाक जास्त होतात, आणि नुसत्या नरांवरचा प्रयोग आता कोणी मुकाट्याने मान्य करत नाही.

टाऊवरचा फॉस्फेट मोजताना दोन सापळे नेहमीचे. पहिला: भूल दिली की उंदराचं अंग थंड पडतं, आणि अंग थंड पडलं की टाऊवरचा फॉस्फेट वाढतो. औषधाचा गट आणि कंट्रोल गट यांना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तापमानात हाताळलं, तर तुम्हाला औषधाचा नाही, एसीचा परिणाम दिसेल. दुसरा: टाऊवरचा फॉस्फेट ओळखणारी एटी8 सारखी अँटिबॉडी उंदराचीच, ऊतकही उंदराचं. दुय्यम अँटिबॉडी मेंदूतल्या रक्ताच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही (उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीलाही) धरते, त्याची जड साखळी 50 किलोडाल्टनजवळ येते, आणि टाऊची पट्टी तिथेच आसपास असते. टाऊ-नॉकआऊट, म्हणजे टाऊचं जनुकच काढून टाकलेल्या, उंदराच्या मेंदूचा एक नमुना शेजारच्या लेनमध्ये चालवला की खरं-खोटं कळतं. असा नमुना कुठून मिळवणार, हे बजेटमध्ये दिसू द्या.

ब्लॉटचा, म्हणजे प्रथिनांच्या या पट्ट्यांच्या चाचणीचा, विषय निघालाच आहे तर: मूळ, न कापलेल्या प्रतिमा पहिल्या दिवसापासून जपा. अमायलॉइडच्या एका विशिष्ट घोळक्यावरचा 2006 चा ‘नेचर’मधला बहुचर्चित निबंध प्रतिमांमधल्या फेरफारामुळे 2024 मध्ये मागे घ्यावा लागला. तेव्हापासून प्राथमिक डेटातल्या पट्ट्यांकडे परीक्षक झूम करून बघतात.

माणसाचे नमुने

बंगळुरूच्या निमहान्समधली मेंदू-बँक हा आपल्याकडचा मोठा आधार. पण मृत्यूनंतर ऊतक गोठवेपर्यंत जे तास जातात, तेवढ्यात टाऊवरचा फॉस्फेट झडत जातो, म्हणून रुग्ण आणि कंट्रोल यांच्यातला हा वेळ जुळवून घ्यावा लागतो. वृद्ध मेंदूत एकच विकार एकटा सहसा नसतो हेही लक्षात असू द्या. अल्फा-सायन्युक्लिन आणि टीडीपी-43 या दुसऱ्या प्रथिनांचे साठे, बारीक रक्तवाहिन्यांचे आजार, सगळं बरोबर नांदतं. ते तपासणार नसाल तर ‘शुद्ध अल्झायमर’ हा शब्द वापरू नका.

रक्तातल्या पी-टाऊ217 ची, म्हणजे 217 व्या जागी फॉस्फेट लागलेल्या टाऊची, सध्या लाट आहे. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पी-टाऊ217 आणि अमायलॉइड-बीटा 42 यांच्या गुणोत्तरावरच्या रक्तचाचणीला मंजुरी दिली, त्यानंतर तर विचारूच नका. इथे ठरलेली चूक म्हणजे परदेशातले कटऑफ जसेच्या तसे उचलणं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तातला पी-टाऊ वाढलेला दिसतो. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असलेल्या आपल्या गटात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) न मोजता पी-टाऊ मोजणं व्यर्थ आहे. बी-12 ची कमतरताही तपासून घ्या. विसराळूपणा तिनेही येतो, आणि शाकाहारी घरांतून ती भरपूर सापडते. नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्याच, कारण अमायलॉइड-बीटा पॉलिस्टायरीनला चिकटून राहतं आणि आकडा खोटाच कमी येतो.

पैशांचं पान

बजेटमध्ये जेआरएफचं (ज्युनिअर रिसर्च फेलोचं) मानधन 31,000 दिसलं की जुन्या फाइलमधून उचललंय हे लगेच कळतं; 1 जानेवारी 2023 पासून ते 37,000 आहे, घरभाडं वेगळं. अँटिबॉडीच्या एका छोट्या कुपीला 40-50 हजार रुपये सहज लागतात, त्यात कोरडा बर्फ, कस्टम्स, जीएसटी. मायनस ऐंशीचा फ्रीझर मागितला आणि त्याच्या वीज-बॅकअपचं, एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) नाव नाही, असं कितीदा दिसतं! जनुक बदललेले उंदीर आणून, त्यांची पैदास करून, पुरेशी पिल्लं एका वयाची मिळेपर्यंत पहिलं वर्ष जातं, आणि बजेटमध्ये मात्र वर्तन-चाचण्यांचा खर्च पहिल्याच वर्षी धरलेला असतो. दुसरा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट (खर्चाचा दाखला) गेल्याशिवाय येत नाही, तेव्हा आयात मालाची ऑर्डर आर्थिक वर्षाच्या शेवटावर ढकलू नका.

परवानग्या: माणसाच्या नमुन्यांना एथिक्स कमिटी, उंदरांना प्राणी-एथिक्स, जनुक बदललेल्या कशालाही जैवसुरक्षा समिती, आणि परदेशी सहकार्याला आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. शेवटच्या परवानगीला वेळ लागतो. तो वेळापत्रकात धरा.

परदेशी पैशांत फसगत जास्त. अमेरिकेतली अल्झायमर असोसिएशन भारतातल्या संशोधकांचेही अर्ज घेते. आधी लेटर ऑफ इंटेंट, मग पूर्ण अर्ज, आणि संस्थेचा ओव्हरहेड (संस्था स्वतःच्या खर्चासाठी घेते तो वाटा) 10 टक्क्यांपर्यंतच. तुमची संस्था जास्त मागत असेल तर आधी तिच्याशी बोला. संस्थेला एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) लागू असेल, तर 2020 च्या दुरुस्तीनंतर आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे पुण्यातल्या संस्थेने पैसे घ्यायचे आणि नागपूरच्या भागीदाराला वाटा द्यायचा, हा आराखडा कागदावरच राहतो. तिकडे बोस्टन किंवा न्यू जर्सीला असलेल्या आपल्या मराठी मित्राच्या एनआयएच (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) ग्रँटमधून सब-अवॉर्ड, म्हणजे पोटवाटा, मिळेल, यावरही विसंबू नका. मे 2025 मध्ये एनआयएचने परदेशी सब-अवॉर्डची जुनी पद्धत थांबवून नवी रचना आणत असल्याचं जाहीर केलं. देशात विज्ञानाला निधी देणाऱ्या एसईआरबी या मंडळाच्या जागी आता एएनआरएफ आहे. जुन्या योजनांची नावं लिहून पाठवलेलं कव्हरिंग लेटर वाईट दिसतं.

‘औषध देऊ’ हे वचन

अमेरिकेने 2011 च्या कायद्यानंतर 2025 पर्यंत अल्झायमर रोखण्याचं आणि त्यावर परिणामकारक उपचार शोधण्याचं ध्येय ठेवलं, आणि एनआयएचचा यावरचा खर्च वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या वर गेला. एवढ्या वर्षांत हाती आलं ते लेकॅनेमॅबसारखं, घसरण थोडी हळू करणारं इंजेक्शन: 18 गुणांच्या मापनपट्टीवर 0.45 चा फरक, आणि मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका. अशा वेळी पन्नास-साठ लाखांत, तीन वर्षांत ‘संभाव्य औषध’ देण्याची भाषा केली की अनुभवी माणूस पुढचं वाचत नाही. ‘टाऊच्या या जागेवरचा फॉस्फेट गुठळीच्या आधी येतो की नंतर, हे ठरवू’ एवढं म्हणा. उत्तर ‘नंतर’ आलं तरी ते छापता येतं.

नकार आला, तर शेरे दोन दिवस बाजूला ठेवून मग वाचा. ‘यंत्रणा स्पष्ट नाही’ याचा अर्थ बहुतेकदा असा की तुमचं एखादं ऑब्जेक्टिव्ह फक्त आधी-नंतरची तुलना करतंय. तिथे एक नॉकआऊट किंवा रोधक घालून कार्यकारण तपासा. ‘फार महत्त्वाकांक्षी’ म्हणजे तिसरं ऑब्जेक्टिव्ह काढा, ते तसंही शेवटच्या आठवड्यात जोडलेलं असतं. ‘नावीन्य नाही’ या शेऱ्याला मात्र डागडुजी पुरत नाही, प्रश्नच बदलावा लागतो. आणि तेच प्रपोजल त्याच वेळी दुसऱ्या संस्थेकडेही दिलेलं असेल, तर दोन्हींना लेखी कळवा. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना असतो, तो कोरा सोडू नका.