हायड्रोजनच्या रेग्युलेशनमध्ये यायचंय? आधी पाईपचा हिशोब शिका

बऱ्याच जणांचे मेसेज येतात आणि प्रश्न साधारण एकच असतो, की ताई हायड्रोजनमध्ये खूप स्कोप आहे म्हणतात, मग इलेक्ट्रोलायझरचा (विजेने पाणी फोडून हायड्रोजन बनवणारं मशीन) कोर्स करू की फ्युएल सेलचा (हायड्रोजनपासून वीज बनवणारं)? मी सांगलीहून केमिकल इंजिनीअरिंग केलं, नंतर युरोपात एनर्जी पॉलिसीत मास्टर्स, आणि आता जर्मनीत एका कन्सल्टन्सीत गॅस आणि हायड्रोजनच्या नियमनावर काम करते. त्यामुळे माझं उत्तर ऐकून पोरं जरा नाराज होतात. मशीन बनवणारे हुशार लोक जगात भरपूर आहेत, पण त्या मशीनमधून निघालेला गॅस कुणाच्या पाईपमधून जाणार, त्याचं भाडं कोण ठरवणार आणि पाईप रिकामा राहिला तर नुकसान कुणाच्या खिशातून जाणार, हे नीट समजणारे फार कमी आहेत. आणि आत्ता युरोपात सगळं अडलंय ते नेमकं इथेच.

थोडं मागचं सांगते. युरोपियन युनियनमध्ये गॅसच्या बाजाराचे नियम 2009 च्या पॅकेजवर चालत होते, आणि ते पूर्णपणे नैसर्गिक वायू डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले. डिसेंबर 2021 मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाने, नवीन प्रस्ताव मांडला, मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचा गॅस आटला, वाटाघाटी लांबल्या आणि शेवटी जून 2024 मध्ये दोन कायदे पास झाले, डिरेक्टिव्ह 2024/1788 आणि रेग्युलेशन 2024/1789. हे दोन नंबर पाठ करून टाका, या फील्डमध्ये रोज कानावर पडतात. रेग्युलेशन सगळ्या देशांना थेट लागू होतं, ते बहुतांशी फेब्रुवारी 2025 पासून सुरू झालं. डिरेक्टिव्ह मात्र प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवायचं असतं आणि त्यासाठी 5 ऑगस्ट 2026 ही डेडलाईन दिलेली. सत्तावीस देश, सत्तावीस प्रकारचे मसुदे, म्हणजे नवीन माणसाला शिकायला यापेक्षा चांगला काळ नाही असं मला मनापासून वाटतं.

आता यातल्या गॅसेसकडे बघा. एक बायोमिथेन, शेण, ओला कचरा, शेतातला पालापाचोळा यांच्यापासून बनलेला आणि शुद्ध केलेला. रासायनिकदृष्ट्या तो नैसर्गिक वायूसारखाच, त्यामुळे तो जुन्याच पाईपमध्ये जातो. डेन्मार्कमध्ये गॅस ग्रिडमधल्या वापरापैकी साधारण 40 टक्के वाटा आता बायोमिथेनचा आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत परत आकडा तपासला होता. त्याचे प्रश्न वेगळे असतात, म्हणजे प्लांट खेड्यात, तिथला पाईप बारीक, उन्हाळ्यात हीटिंग बंद झालं की गावात गॅस खपत नाही आणि मग कॉम्प्रेसर लावून तो उलटा वरच्या मोठ्या लाईनमध्ये ढकलावा लागतो. त्या कॉम्प्रेसरचा खर्च शेतकऱ्याने भरायचा की नेटवर्क कंपनीने, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. आपल्याकडे सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅसच्या प्लांटवाल्यांशी बोललात तर तक्रारीचा सूर ओळखीचा वाटेल.

हायड्रोजनचं मात्र सगळंच निराळं. घनमीटरमागे त्यात मिथेनच्या एक तृतीयांशाच्या आसपासच ऊर्जा असते, बर्नर आणि मीटर वेगळे लागतात, आणि नैसर्गिक वायूत थोडा थोडा मिसळून वापरू हा मार्ग नियमांनी जवळजवळ बाजूलाच ठेवलाय. दोन देशांच्या सीमेवरच्या पॉईंटला गॅस अडू नये म्हणून पाईप कंपन्यांनी एकमेकांशी सहकार्य करायचं बंधन फक्त 2 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळलेल्या गॅसपुरतं आहे, मूळ प्रस्तावात 5 टक्क्यांपर्यंतचा गॅस स्वीकारायचाच होता. मला हा निर्णय बरोबर वाटतो, कारण महागडा हायड्रोजन घरातल्या शेगडीत जाळण्यापेक्षा स्टील, खत आणि रिफायनरीला द्यावा, तिथे त्याला दुसरा पर्याय फारसा नाही.

आता येते मुख्य गोष्ट, आणि ही समजली की बाकीचं आपोआप लागतं. समजा तुम्ही हजारो किलोमीटरचा हायड्रोजन पाईप टाकला आणि पहिल्या वर्षी त्यावर चारच कारखाने आहेत. नेहमीचा नियम लावला, म्हणजे एकूण खर्च भागिले एकूण वापर, तर त्या चौघांना असं भाडं बसेल की ते दुसऱ्या दिवशी पळून जातील, आणि ते पळाले की पाचवा कधी येणारच नाही. उलट भाडं कमी ठेवलं तर पाईप टाकणारी कंपनी बुडते. नैसर्गिक वायूच्या नेटवर्कला ही अडचण आज नाही कारण तिथे लाखो ग्राहक आधीपासून आहेत, मग सहज सुचणारा उपाय असा की त्याच गॅस ग्राहकांच्या बिलात थोडे पैसे वाढवून हायड्रोजनचा पाईप टाकूया. पण भाड्याच्या घरात हीटरचं बिल कसंबसं भरणाऱ्या आजीबाईंनी स्टील कंपनीच्या पाईपचे पैसे का भरायचे? म्हणून रेग्युलेशनमध्ये गॅस आणि हायड्रोजनचे हिशोब, मालमत्तेच्या नोंदी वेगळ्या ठेवायला सांगितलंय. एकीकडून दुसरीकडे पैसे वळवायचे तर कडक अटी आहेत आणि रेग्युलेटरची मंजुरी लागते. त्याचबरोबर दुसरा एक रस्ता मोकळा ठेवलाय, की आजचा खर्च आजच्या चौघांकडून पूर्ण न घेता पुढच्या ग्राहकांवर वर्षांनुवर्षं पसरवता येतो.

जर्मनीने नेमकं हेच केलंय आणि शिकायला हे उदाहरण मला सगळ्यात चांगलं वाटतं. ऑक्टोबर 2024 मध्ये बुंडेसनेट्झआगेंटूरने, म्हणजे बॉनमधल्या रेग्युलेटरने, हायड्रोजनच्या कोअर नेटवर्कला मंजुरी दिली. 9,040 किलोमीटर, 2032 पर्यंत टप्प्याटप्प्याने, साधारण 60 टक्के जुने गॅसचेच पाईप बदलून वापरायचे, आणि अंदाजे खर्च 18.9 अब्ज युरो. भाडं संपूर्ण देशात एकच, दर वर्षी बुक केलेल्या प्रत्येक किलोवॅट-तास-प्रति-तास कपॅसिटीमागे 25 युरो. हा खऱ्या खर्चापेक्षा सुरुवातीला बराच कमी पडतो, मधली तूट एका अमॉर्टायझेशन अकाउंटवर चढत जाते आणि त्यासाठी सरकारी बँक केएफडब्ल्यूचं 24 अब्ज युरोपर्यंतचं कर्ज आहे. पुढे ग्राहक वाढले की खातं भरत यायचं, 2055 पर्यंत शून्यावर. नाही आलं तर उरलेली तूट सरकार उचलणार, पण त्यातले 24 टक्क्यांपर्यंत पाईप कंपन्यांना सोसावे लागतात. हे 24 टक्के फार विचार करून ठेवलेत, कारण कंपनीचा स्वतःचा पैसा अडकलेला नसेल तर ती जिथे गिऱ्हाईक नाही तिथेही पाईप टाकत सुटेल, आणि जास्त अडकवला तर गुंतवणूकदार येणारच नाहीत. माझी टीम ज्या एक्सेल मॉडेलवर काम करते त्यात गिऱ्हाईक पाच वर्षं उशिरा आले तर काय होतं एवढं एक सेल बदलून बघितलं तरी पोटात गोळा येतो. तुम्ही स्वतः असं साधं मॉडेल बनवा, रेग्युलेटेड ॲसेट बेस (ज्या मालमत्तेवर रेग्युलेटर परतावा मान्य करतो ती), घसारा, परताव्याचा दर, बुकिंग, बस. इंटरव्ह्यूला जाताना ते सोबत असलं तर अर्धं काम झालं असं समजा.

दुसरा मोठा भाग अनबंडलिंगचा. पाईप ज्याचा, त्यानेच गॅसही बनवला आणि विकला तर तो स्पर्धकाला आत येऊ देणार नाही, हे जुनं तत्त्व. हायड्रोजनच्या मोठ्या नेटवर्कला ते तसंच लागू केलंय आणि गॅसचा पाईपवाला हायड्रोजनचाही पाईपवाला होणार असेल तर निदान कायदेशीररीत्या वेगळी कंपनी काढावी लागते, काही सवलती आहेत पण त्या सिद्ध करून घ्याव्या लागतात. तिसऱ्या पार्टीला पाईप वापरू देण्याचंही तसंच, 2032 अखेरपर्यंत देश बोलणी करून दर ठरवायला परवानगी देऊ शकतात, 2033 पासून रेग्युलेटरने मंजूर केलेले दर सगळ्यांना सारखे. काही लोक म्हणतात बाजार जन्मालाच आला नाही आणि आत्ताच एवढे नियम कशाला. मी दुसऱ्या बाजूची आहे. एकदा मक्तेदारी बसली की ती उठवायला पिढी जाते, गॅसच्या बाबतीत युरोपने ते भोगलंय.

आता थोडं केमिस्ट्रीचं, इंजिनीअर लोकांना इथे फायदा मिळतो. ग्रीन, ब्लू, पिंक हे रंग प्रेझेंटेशनपुरते, कायद्यात त्यांना किंमत नाही. कायदा बघतो आयुष्यभराचं उत्सर्जन, म्हणजे हायड्रोजन बनवण्यापासून वापरापर्यंतचं सगळं. जीवाश्म इंधनाचा संदर्भ आकडा 94 ग्रॅम प्रति मेगाज्यूल, त्यापेक्षा 70 टक्के कमी हवं, म्हणजे 28.2 ग्रॅम, आणि एका किलो हायड्रोजनमध्ये 120 मेगाज्यूल धरले तर किलोमागे साधारण 3.4 किलो कार्बन डायऑक्साईड. हे गणित कागदावर करून बघा. आता इलेक्ट्रोलायझरला किलोमागे 52 युनिट वीज लागते असं धरा आणि ग्रिडची वीज युनिटमागे 350 ग्रॅम सोडणारी असेल तर हायड्रोजन पडला 18 किलोच्या वर! नैसर्गिक वायूपासून नेहमीच्या पद्धतीने बनवलेला साधारण 10 च्या आसपास असतो. म्हणजे नुसतं पाणी फोडून बनवला म्हणून स्वच्छ झाला असं अजिबात नाही, वीज कुठली हे बघावंच लागतं.

म्हणूनच रिन्यूएबल हायड्रोजनसाठी विजेच्या अटी एवढ्या कडक आहेत. सौर किंवा पवन प्रकल्प नवीन हवा, इलेक्ट्रोलायझर सुरू होण्याआधी 36 महिन्यांपेक्षा जुना नको, 2028 च्या आधी सुरू होणाऱ्यांना यात बरीच सूट आहे. वीज त्याच बिडिंग झोनमधली, म्हणजे विजेचा घाऊक दर एकच असतो अशा पट्ट्यातली हवी. आणि वेळ जुळायला हवी, 2029 अखेरपर्यंत महिन्याच्या हिशोबाने, 2030 पासून तासाच्या. उद्योगाच्या मते या तासाच्या अटीने खर्च वाढतो आणि ते खरंही आहे, पण रात्री कोळशाच्या विजेवर चालवून दुपारच्या सोलरचं नाव सांगायचं हेही चालू देता येत नाही.

इथे आपल्या लोकांसाठी एक खरी संधी आहे. भारताने ऑगस्ट 2023 मध्ये ग्रीन हायड्रोजनची मर्यादा ठरवली, किलोमागे 2 किलो कार्बन डायऑक्साईड, बारा महिन्यांची सरासरी. ते बघून बरेच जण म्हणतात आपली मर्यादा युरोपच्या 3.4 पेक्षा कडक, मग आपला माल तिकडे आपोआप पास. तसं होत नाही. भारतीय मोजमाप प्लांटच्या गेटपर्यंत, युरोपियन मोजमापात वाहतूक धरून वापरापर्यंतचं सगळं येतं, अमोनिया बनवून जहाजाने पाठवला तर त्याचंही. शिवाय वर सांगितलेल्या विजेच्या अटी बाहेरच्या देशातल्या उत्पादकांनाही लागू, बारा महिन्यांची सरासरी तिथे चालत नाही. त्यामुळे भारतातून निर्यात करायची असेल तर दोन्हीकडचे नियम वाचू शकणारा माणूस लागतो, सर्टिफिकेशनची कागदपत्रं तयार करणारा लागतो, आणि हे काम पुण्यात बसूनही करता येतं, व्हिसाची गरज नाही.

अभ्यास कसा करायचा म्हणाल तर आधी डिरेक्टिव्हचं कलम 2, व्याख्या, शांतपणे वाचा, मग सुरुवातीचे रिसायटल्स, म्हणजे कलमांआधी दिलेली कारणं, त्यात प्रत्येक नियमामागचं भांडण दडलेलं असतं. मग एकच देश निवडा, जर्मनी किंवा नेदरलँड्स, आणि तिथल्या रेग्युलेटरच्या कन्सल्टेशनवर (निर्णयाआधी मागवलेल्या मतांवर) कंपन्यांनी दिलेली उत्तरं वाचा. पाईपवाला, स्टीलवाला, ग्राहक संघटना एकाच कलमावर तीन उलट गोष्टी मागतात, त्या तिघांमधून रेग्युलेटरने काय निवडलं आणि का, हे एका पानावर स्वतःच्या शब्दांत लिहा. ल्युब्लियानातल्या एसरचे (ACER, युरोपातल्या ऊर्जा रेग्युलेटर्सच्या सहकार्याची संस्था) रिपोर्ट्स फुकट मिळतात आणि भाषा सोपी असते. फ्लॉरेन्सच्या स्कूल ऑफ रेग्युलेशनचे कोर्सेस चांगले आहेत पण पैसे भरण्याआधी त्यांचं मोफत मटेरियल संपवा.

नोकऱ्यांचं स्पष्ट सांगते. कमिशनमध्ये कायमच्या नोकरीला युरोपियन नागरिकत्व लागतं, तिथे मन अडकवू नका. आपल्याला दारं उघडी आहेत ती कन्सल्टन्सी, नेटवर्क कंपन्यांचे रेग्युलेटरी विभाग, प्रोजेक्ट डेव्हलपर, सर्टिफिकेशन संस्था आणि विद्यापीठं इथे. ब्रसेल्समध्ये इंग्रजीवर भागतं, जर्मनीत नाही, कारण कायदा जर्मन, रेग्युलेटरचे आदेश जर्मन, क्लायंटच्या मीटिंगा जर्मन. मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरपासून भाषा सुरू करा आणि बी-टू (B2) लेव्हलपर्यंत नेऊन सोडा, थिसिस थोडा लांबला तरी चालेल. थिसिसचा विषय शोधत असाल तर गॅसचे ग्राहक कमी होत जातील तेव्हा उरलेल्यांच्या बिलाचं काय, हा घ्या. नवीन डिरेक्टिव्हनुसार गॅसची मागणी घटणार असेल तिथे वितरण कंपन्यांना पाईप बंद करण्याचे प्लॅन करावे लागणार आहेत, आणि त्यावर काम करणाऱ्या माणसांची आमच्याकडे आत्ताच कमतरता आहे.