टीबीच्या टेस्टला थुंकी द्यायची म्हणजे नेमकं काय द्यायचं?

डॉक्टर "थुंकी तपासून घ्या" म्हणतात, हातात डबी देतात आणि आपण बाहेर जाऊन तोंडात जमलेली लाळ त्यात टाकून येतो, घोळ इथेच होतो. लॅबला लाळ नको असते, छातीतून खोकून वर आलेला बेडका हवा असतो. फुफ्फुसाच्या टीबीचे जंतू बेडक्यात जास्त असतात, लाळेत आले तरी फार थोडे, आणि मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलीमध्ये साधारण ५,००० ते १०,००० तरी असावे लागतात. म्हणजे आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि माणूस निश्चिंत होऊन घरी बसतो, मला याचीच जास्त भीती वाटते.

तर करायचं असं. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी सॅम्पल घ्यायचं कारण रात्रभराचा कफ साठलेला असतो. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, माउथवॉश नको. मग मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब जा, बंद खोलीत किंवा बाथरूममध्ये अजिबात खोकू नका, जंतू हवेतून पसरतात. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, थोडा रोखून सोडा, आणि मग पोटापासून जोर लावून खोका. जे वर येईल ते डबी ओठाजवळ धरून थेट आत, डबीला आतून बोट लावायचं नाही. ३ ते ५ मिली पुरतं, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. घट्ट, चिकट, पिवळसर असेल तर बरोबर, पाण्यासारखं फेसाळ असेल तर ती लाळ, परत प्रयत्न करा. झाकण घट्ट लावा, नाव डबीवर लिहा (झाकणावर नको, झाकणं बदलतात), हात साबणाने धुवा आणि त्याच दिवशी पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, उन्हात तर नाहीच.

बेडका येतच नसेल तर लाज वाटून लाळ भरून देऊ नका, तसं स्पष्ट सांगा. दवाखान्यात मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने देऊन कफ सुटा करता येतो. लहान मुलं कफ गिळून टाकतात म्हणून त्यांच्या जठरातला द्रव किंवा शौचाचा नमुनाही तपासतात.

शक्य असेल तर जीनएक्सपर्ट (बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी मशीनची टेस्ट) मागा, दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का दोन्ही कळतं, जंतू कमी असले तरी मायक्रोस्कोपपेक्षा चांगलं पकडतं. कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या टेस्टला) मात्र काही आठवडे लागतात. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला पण खोकला दोन आठवड्यांच्या वर चालूच आहे, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतोय, तर परत जा, आणि आधीचं सॅम्पल लाळेसारखं पातळ होतं असं वाटत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.