भाता नव्हे, छाती आहे ती! ताण उतरवताना या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडीत सकाळी साडेसहाला आमचा वर्ग भरतो. वीस-पंचवीस माणसं असतात. दर महिन्याला दोन-तीन नवी येतात आणि चपला काढता काढताच विचारतात, "बाई, किती दिवसांत फरक पडेल?" शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, "बाई, पेपर कधी तपासून मिळणार?" हा प्रश्न एकदाचा सुटला. कसला सुटतोय!

मी डॉक्टर नाही. श्वास, शिथिलीकरण आणि थोडं ध्यान एवढंच शिकवते. पण माणसं बदलली तरी चुका त्याच. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच ठेवते.

जोर लावून श्वास घेणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर. खानापूरकडचा एक मुलगा शहापुरात खोली घेऊन पोलीस भरतीचा अभ्यास करत होता. झोप येत नाही, छाती धडधडते म्हणून वर्गाला आला. मी त्याला पहिला आठवडाभर नुसता श्वास मोजायला सांगितलं. त्याला ते पोरखेळ वाटलं. तिसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. मोबाइलवर बघून त्यानं भस्त्रिका, म्हणजे लोहाराच्या भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं, सुरू केली, तीही कुणीतरी मागं लागल्यासारखी, वर श्वास रोखून धरणं. एका रात्री त्याच्या सोबत्याचा फोन आला, "बाई, ह्याचे हात वाकडे झालेत."

बोटं रांगोळीची चिमूट धरल्यासारखी आवळलेली, ओठ बधिर, छाती भरून आलेली. पोराला वाटलं अटॅकच आला. मोटारसायकलवर मधे बसवून दोघांनी दवाखान्यात नेला. ईसीजी चांगला निघाला. एका रात्रीचं बिल मात्र खोलीच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त झालं.

यात गूढ काही नाही. जोरजोरात श्वास सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. रक्ताची आम्लता कमी होते, मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तातल्या वापरायच्या कॅल्शियमचं गणित बिघडतं. म्हणून चक्कर, मुंग्या आणि वाकडी बोटं. त्यावर माणूस घाबरतो, घाबरला की आणखी जोरात श्वास घेतो. ज्या घाबरण्यावर इलाज म्हणून हे चालवलं, तेच घाबरणं त्यानं हातानं तयार केलेलं असतं. हठयोगप्रदीपिकेत सांगितलंच आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. हे त्या काळच्या लोकांना कळत होतं. आम्हाला चौथ्या दिवशी पुढचा धडा पाहिजे.

माझी सवय अशी: नाकानं चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. रोखणं नाही. पाच मिनिटं. पहिले तीन आठवडे यापलीकडं काही नाही, हात जोडलेत तरी नाही. श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. मुंग्या आल्या की थांबायचं, बसायचं, चहावर फुंकर घालतो तसा ओठांतून हळू श्वास सोडायचा. तोंडावर पिशवी धरायचा जुना उपाय करू नका. खरंच हृदयाचं दुखणं किंवा दमा असला तर तो अंगाशी येतो. आणि छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर "श्वासाचंच असेल" असं घरी बसून ठरवू नका, थेट दवाखाना गाठा. रक्तदाब जास्त असेल, पोटात बाळ असेल, हर्निया किंवा फिट्सचा त्रास असेल तर कपालभाती-भस्त्रिका माझ्या वर्गात मिळत नाही.

"सोडा" हा शब्द कानावर पडला की लोकांचे खांदे खरंच उतरतात, हे मला निपाणीत कळलं. तिथल्या वर्गात बायका मराठी बोलणाऱ्या आणि कन्नड बोलणाऱ्या, निम्म्या-निम्म्या. म्हणून मी दोन्ही भाषांत सांगायचे. कन्नडमध्ये श्वास सोडा म्हणजे 'उसिरु बिडि'. पहिल्याच दिवशी मागच्या रांगेतली एक मावशी म्हणाली, "बाई, दिवसभर बिडीच वळतोय, हितं पण बिडीच काय?" सगळ्याजणी हसून गडबडा लोळल्या. त्या हसण्यात जेवढे श्वास लांब झाले तेवढे माझ्या मोजण्यानं महिनाभरात झाले नसते.

आणखी एक. घरी हरिपाठ म्हणणारी आजी असेल तर तिच्याशेजारी बसून बघा. ओळ संपेपर्यंत तिचा श्वास बाहेर जात असतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, ते मिनिटाला सहाच्या आसपास भरले. आमची चार-सहाची मोजणीही तिथंच येते. आजीला ॲप लागलं नाही.

डोळे मिटलेच पाहिजेत हा हट्ट

ही चूक माझी स्वतःची, म्हणून सविस्तर सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. कृष्णा, दूधगंगा, मार्कंडेय, मलप्रभा, सगळ्याच फुगल्या. दोन महिन्यांनी दूधगंगेच्या काठच्या एका गावात बायकांसाठी मी शिथिलीकरणाचा वर्ग घेतला. शाळेच्या खोलीत सतरंज्या टाकल्या, सगळ्यांना उताणं झोपवलं, "डोळे मिटा" म्हटलं आणि मोबाइलवर शांत वाटावं म्हणून लावलं काय, तर वाहत्या पाण्याचा आवाज!

मिनिटभरही झालं नसेल. भिंतीकडची एक बाई ताडकन उठली आणि अनवाणीच बाहेर पळाली. मागून आणखी दोघी उठल्या. बाहेर जाऊन बघते तर ती पायरीवर बसून थरथरत होती. "रातचं पाणी आलं तवा असाच आवाज हुता, बाई." मला तोंड लपवायला जागा उरली नाही. माझ्या शहरी डोक्यातली 'शांतता' मी त्यांच्या अंगावर ओतली होती.

भीती अंगात मुरलेल्या माणसाला डोळे मिटून पडायला लावलं की पहारा काढून घेतल्यासारखं होतं. काहींची धडधड शिथिल होताना उलट वाढते. हे भित्रेपण नव्हे, अंग आपलं राखणीचं काम करत असतं. अपघात, पूर, घरातली मारहाण यातून गेलेल्यांना तर हे बऱ्याचदा होतं, पण काहीही न घडलेल्यांनाही होऊ शकतं.

तेव्हापासून माझ्याकडं डोळे उघडे ठेवायची मुभा पहिल्या दिवशीच सांगून टाकते. भिंतीला पाठ, पाय जमिनीवर, नजर दारावर. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची. तेही नको झालं तर चालायचं. आमच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातल्या झाडांखालून पहाटे पावलं मोजत चालणारी माणसं ध्यान करत नाहीत असं कुणी सांगितलं? आणि पाण्याचा आवाज माझ्या मोबाइलमधून कायमचा गेला.

डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करणं

यावर मी चर्चा करत नाही. "आता ध्यान करतोय, मग गोळी कशाला?" असं म्हणून एकदम थांबवलेल्या गोळ्यांनी चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होतात. घाबरण्यावरच्या आणि झोपेच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर फिट्ससुद्धा येतात. कमी करायच्या त्या लिहून देणाऱ्यानंच, टप्प्याटप्प्यानं. गोळ्या चालू असताना वरून अश्वगंधाही आपल्या मनानं नको. थायरॉईडच्या आणि गुंगीच्या औषधांशी तिचं जमत नाही, यकृताला त्रास झाल्याचीही उदाहरणं आहेत. काढा आहे म्हणून निरुपद्रवी, हे समीकरण कुणी शिकवलं देव जाणे.

दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर माझ्या वर्गाला येऊ नका, म्हणजे आधी येऊ नका. धारवाडला मनोरुग्णांसाठी डिमहान्स ही सरकारी संस्था आहे, बेळगावहून दोन तासांच्या आत. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन फुकट, चोवीस तास चालू. वेड्यांचा दवाखाना म्हणून नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना घरी ठेवून जा.

पहिलीच उडी दहा दिवसांच्या विपश्यनेत

सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतलं विपश्यना ध्यानाचं शिबिर म्हणजे पहाटे चारला उठणं, दिवसाला दहाएक तास बसणं आणि मौन. पाच मिनिटं फोन बाजूला ठेवता येत नाही ती माणसं थेट इगतपुरीचा अर्ज भरतात, कारण फी नाही. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं, तिथं लपवतात. लपवू नका. ते विचारतात ते तुम्हाला हाकलायला नव्हे.

स्नायू आवळताना जीव काढणं

शिकागोच्या एडमंड जेकबसननं १९२९ मध्ये पुस्तकात मांडलेली ही पद्धत: एकेक स्नायू आवळायचा आणि सोडायचा. सोडताना काय वाटतं ते ओळखणं हा सगळा मुद्दा. आमचे लोक आवळण्यातच पहिला नंबर काढतात. वडगावातल्या एका विणकर काकांच्या पोटरीत असा गोळा आला की दोघांनी पाय धरून सरळ केला. अर्ध्या जोरानं पाच सेकंद आवळा, मग पंधरा सेकंद सोडून नुसते पडा.

बाकीच्या, झटपट

सोमवारी टॅपिंग (बोटांनी चेहऱ्यावर-छातीवर ठरावीक जागी टकटक करणं), मंगळवारी रेकी, बुधवारी शिरोधारा करू नका. कशानं बरं वाटलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. टॅपिंगमधल्या ऊर्जेच्या वाहिन्यांवर माझा विश्वास नाही, पण चार मिनिटं बसून आपल्याला काय खुपतंय ते बोलतात, तेवढ्यानंही काहींना हलकं वाटतं. मी आडवी येत नाही.

भांडण पेटल्यावर पहिला श्वास शिकायला बसू नका, तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखं होतं ते. भांडण नसेल त्या दिवशी सराव करा.

योगनिद्रेत झोप लागली म्हणून रडू नका, झोपच हवी होती ना? घोरणाऱ्यांनी फक्त कडेची जागा घ्यावी.

मिश्री लावून, नाहीतर गुटख्याची पुडी रिकामी करून श्वासाला बसू नका. तंबाखूनं नाडी वाढवायची आणि मी ती उतरवायची, हा धंदा मला परवडत नाही.

आणि शवासनात पंखा पाचवर ठेवू नका. अंग गार पडलं की स्नायू आखडतात, सगळी मेहनत पाण्यात. चादर आणा. जुलैत बेळगावची सकाळ कशी असते हे इथं जन्मलेल्यांना मी काय सांगावं, तरी दर पावसाळ्यात चौघं-पाचजण विसरून येतात आणि माझ्याकडं जादा चादरी दोनच आहेत.